रिकाम्या हातांचा बँडमास्तर

कोजागिरीनंतरचा पहिला रविवार, दुपारची वेळ. मोताळा, आमच्या घरामागचा पत्र्याचा शेड.

हजर: बाबा, म्हणजे आमच्या बँडचे मास्तर आणि ट्रम्पेटवाले. क्लॅरिनेटवाले भाऊ. रोहिणखेडहून आलेले ढोलवाले चाचा. दोन सॅक्सोफोनवाले, सख्खे भाऊ, बांधावरून भांडण झाल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त सूर जुळवतात. मोठा बाजावाला, म्हणजे जाड आवाजाच्या पितळी भोंग्याचा. साइड ड्रम. झांज. आणि मी. गैरहजर: खुळखुळेवाला. तो कापसाची गाडी घेऊन नांदुऱ्याला गेला होता. तसा निरोप आला होता.

मी काही वाजवत नाही. बँडचे लाल कोट मी शिवते, तारखा मी घेते, गाडी किती वाजता निघणार आणि पाण्याची कॅन कोणी धरायची हे मी ठरवते. बसस्टँडच्या अलीकडे माझं शिवणाचं दुकान आहे. लग्नाची तारीख धरायला आलेला वरबाप ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यांमध्ये बसून बँड ठरवतो आणि जाताना बायकोचे ब्लाउजही टाकून जातो. माझा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. सासर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे अडचण नव्हती. यादी केल्याशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही, तेव्हा माणूसही योग्यच निवडला गेला असं म्हणायला हरकत नाही.

बैठकीपुढे तीन विषय होते. कोटांची मापं. जनरेटरच्या गाडीचं टायर. तिसरा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला होता: उचल कोण देणार?

उचल म्हणजे काय ते आधी सांगते. वरातीत गाणं बदलायचं असतं तेव्हा मास्तर चालू गाण्याच्या अंगावरच नव्या गाण्याचे पहिले काही सूर ट्रम्पेटवर टाकतो. ते कानावर पडले की क्लॅरिनेट वळतं, सॅक्सोफोन वळतात, ढोलाचा ठेका बदलतो, आणि नाचणाऱ्यांच्या पायांना कळायच्या आत दुसरं गाणं सुरू झालेलं असतं. वरातीत कागद नसतो. आधी ठरवलेला क्रम पहिल्या चौकापर्यंतसुद्धा टिकत नाही. नवरदेवाचा मामा एक गाणं सांगतो, मेव्हणा दुसरं, आणि एक कोणीतरी असा असतो की ज्याला फक्त नागीण हवी असते. कोणाचं ऐकायचं, कोणाचं ऐकल्यासारखं करायचं आणि नेमकं कुठे वळायचं, हे मास्तर ठरवतो. आणि तोंडाने सांगत नाही, ट्रम्पेटने सांगतो.

पावसाळ्यात बाबांचे वरचे पुढचे दात काढावे लागले. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी कवळी बसवून दिली. कवळी उत्तम आहे. भाकर चालते, फुटाणे सोडून सगळं चालतं. पण ट्रम्पेट ओठांवर दाबलं की ओठांना मागून दातांचा आधार लागतो, आणि कवळी तो देत नाही. पहिल्या दिवशी बाबांनी जोर करून फुंकलं तेव्हा सूर आला नाही, कवळी आली.

क्लॅरिनेटवाले भाऊ तसे आडपडदा ठेवणारे नाहीत.

"मास्तर, मी सरळ बोलतो. तुमी आता आराम करा. उचल मी देतो."

"दे ना," बाबा म्हणाले. "मी कुठं नाई म्हनून राह्यलो?"

"आराम कायले?" चाचा ढोलावरून खेकसले. "दात गेले त्याचे, डोस्कं गेलं का?"

"चाचा, डोस्कं कोन पाह्यते वरातीत?" भाऊ म्हणाले. " हातात काई नाई तं मानूस उभा कुठं राहीन? लोक म्हनतीन, हा फुकट जेवाले आला."

हे बाबांना लागलं. कारण नियम बाबांचाच होता. आमच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी असलंच पाहिजे, वाद्य असो नाहीतर बॅटरी. एकदा त्यांनी स्वतःच्या साडूला रिकाम्या हातांनी चढला म्हणून गाडीतून खाली उतरवलं होतं. साडू अजून बोलत नाहीत.

"मंग मले पान्याची कॅन द्या," बाबा म्हणाले. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी कवळी जिभेने नीट बसवली आणि बाहेर बकरीकडे बघत राहिले.

बाबा मास्तर राहतात की नाही, एवढाच खरा प्रश्न होता. मधली जागा त्यांना नको होती. पाहुणा म्हणून खुर्चीवर बसणं, शाल-श्रीफळ, "आमचे जुने मास्तर" म्हणून ओळख, यातलं काहीही नको. एक तर पुढे चालायचं, नाहीतर घरी. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तारीख नांदुऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली होती. तोवर शेडमध्ये रोज तालीम, बाबा आणि क्लॅरिनेटवाले भाऊ दोघांनीही आपापल्या परीने उचल देऊन पाहायची, आणि जे काही ठरेल ते त्या वरातीनंतर, असा ठराव मी मांडला. टायर मात्र त्याच दिवशी बदललं.

बाबा स्वतः दोन मास्तरांच्या हाताखाली तयार झाले. पहिले नांदुऱ्याचे, रेल्वेलाइनच्या पलीकडे राहायचे. त्यांचा राग प्रसिद्ध होता. चुकलेल्या माणसाला ते भर वरातीत ओळीतून काढून जनरेटरच्या मागे चालायला लावायचे, धूर खात. हातात जे असेल ते फेकायचे. एकदा काही नव्हतं म्हणून स्वतःची टोपी फेकली आणि ती घोड्याने चावली. त्यांच्या बँडमध्ये चूक होत नव्हती, असं बाबा सांगतात, पण मजाही येत नव्हती. सगळे जीव मुठीत धरून वाजवायचे. दुसरे मास्तर त्याच्या अगदी उलट. कोणाला कधी एक शब्द बोलले नाहीत. सगळ्यांना सगळी मोकळीक. एका वरातीत अर्धा बँड एक गाणं आणि अर्धा बँड दुसरं गाणं वाजवत मारुतीच्या देवळापर्यंत गेला, आणि मास्तर पुढे सगळ्यांना नमस्कार करत हसत चालले होते.

बाबांनी दोघांचं थोडं थोडं उचललं. रागवायचं, पण वरातीत नाही. वरातीत ते कधी मागे वळून बघत नसत, सूर फाटला तरी नाही. दुसऱ्या दिवशी हिशेबाला सगळे घरी आले की ज्याचं चुकलं त्याच्या हातात चहाचा कप सगळ्यात शेवटी यायचा. एवढीच शिक्षा. कोणाचं काय चुकलं हे बोलून दाखवायची गरज पडत नसे.

"मले तुया बापाच्या घरचा चहा गरम कधी भेटलाच नाई, बेटा," चाचा मला सांगतात. "आता मले थंडच आवडते."

तालीम सुरू झाली त्याच आठवड्यात मी माझ्या पद्धतीने माहिती काढायला बसले. प्रश्न साधा होता: स्वतः न वाजवणारा माणूस बँड कसा चालवतो? जगात असं कुठेतरी कोणी करत असेलच. मोबाइलवर शोधलं आणि परदेशातले मोठमोठे वाद्यवृंद सापडले. शंभरेक माणसं खुर्च्यांवर बसलेली, काळे कपडे, समोर कागद, आणि पुढे एका चौथऱ्यावर उभा एक माणूस.

रात्रीची जेवणं झाल्यावर मी फोन बाबांच्या खाटेवर तांब्याला टेकवून लावला.

"हा काय वाजवते?" बाबांनी विचारलं.

"काई नाई वाजवत."

"काईच नाई?"

"हातात काडी आहे."

"काडीचा आवाज येते?"

"नाई."

बाबा उठून बसले. चष्मा मागितला.

मग आठवडाभर रोज आम्ही दोघं तेच पाहत होतो. आईने दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी तिची मालिका बघायला शेजारी जाऊन बसली.

मी आपली त्या काडीवाल्यांची विभागणी करत गेले. एक पांढऱ्या केसांचे म्हातारे होते, त्यांची तालीम कोणीतरी चित्रित केली होती. दोन ओळी झाल्या की थांबवायचे, काडी आपटायचे, ओरडायचे. भाषा कळत नव्हती, पण खुर्चीवरच्या माणसांच्या माना खाली जाताना दिसत होत्या. "हा आपला नांदुऱ्याचाच आहे," बाबा म्हणाले, आणि आपोआप स्वतःच्या टोपीवर हात ठेवला.

एक सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळे मिटून होता. चेहरा असा की आरतीला उभा आहे. "सारे उठून घरी गेले तं याले समजाचं नाई," बाबांचं मत. पण दहा मिनिटांनी तेच म्हणाले, "नाई, समजीन. त्याले सारं ऐकू येऊन राह्यलं. पाह्य, कान कसे करून राह्यला."

एक नाचरा. केस कपाळावर, घाम, गुडघे वाकवून खाली जायचा आणि शेवटच्या दणक्याला दोन्ही पाय चौथऱ्यावरून वर. बाबा खूश झाले. "आपल्या इकडे असता तं नवरदेव उतरवून यालेच घोड्यावर बसवलं असतं."

एक बाई होत्या. काळा कोट, केस मागे घट्ट बांधलेले. त्या रागावत नव्हत्या, नाचत नव्हत्या. ज्याची पाळी येणार त्याच्याकडे आधीच बघून किंचित मान हलवायच्या आणि तो माणूस सावरून बसायचा. "ही तुयासारखी आहे वं," बाबा मला म्हणाले. "यादी दिसत नाई, पन कुठंतरी लपवून ठेवली असन."

आणि एक अतिशय म्हातारे गृहस्थ, खुर्चीवर बसलेले. हात जवळजवळ हलतच नव्हते. कधी एक बोट, कधी भुवई. हा व्हिडिओ बाबांनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. मला त्यात विशेष काही दिसत नव्हतं, सांगायचं तर झोप येत होती.

"थांबव," एकदा बाबा म्हणाले. "मागं घे. आता पाह्य. हात खाली याच्या आंधी काय होते?"

"काय?"

"छाती पाह्य त्याची. तो श्वास घेते. त्यानं घेतला की सारे घेते. बासरीवाली बी घेते, अन् ज्याले फुंकाचंच नाई तो ढोलवाला बी घेते." ते खाटेवर टेकले. "बाई, उचल म्हंजे सूर नसते. सुराच्या आंधीचा श्वास असते. मी आजलोग समजलो, मी ट्रम्पेटनं सांगून राह्यलो."

माझ्या विभागणीत हे कुठेच बसेना. रागीट असो, नाचरा असो की मिटल्या डोळ्यांचा, स्वभाव पाच जणांचे पाच होते, पण पहिल्या सुराआधी पाचही जण तेवढं एक करत होते. मग मीही माणसं मोजायची सोडून त्यांच्या छात्या बघायला लागले.

शेडमधली तालीम मात्र शिकण्यापेक्षा करमणुकीची जास्त झाली. क्लॅरिनेटवाल्या भाऊंनी आधी सगळं समजावून सांगितलं. मी मान डावीकडे टाकली की हे, उजवीकडे टाकली की ते. भाऊंचा अभ्यास मोठा आहे, सूर गोड आहे. पण वाजवायला लागले की त्यांचे डोळे मिटतात. डोळे मिटले की मान सुरावर डोलते, डावीकडेही आणि उजवीकडेही. पहिल्या दिवशी एका गाण्यात तीन गाणी झाली.

"भाऊ, तुमी मान नका हलवू," मोठा बाजावाला म्हणाला. "आमाले वाटते, झोप लागली."

बाबांची पाळी आली. त्यांना हातात काहीतरी हवं होतं, नियम त्यांचाच. ढोलाची टिपरी घेतली तर चाचांना राग आला. मग माझ्या दुकानातली मापाची लाकडी पट्टी घेऊन उभे राहिले.

"काय मास्तर," चाचा म्हणाले, "ब्लाउज कापाले आले का?"

पट्टी माझ्याकडे परत आली. बाबा रिकाम्या हातांनी, बँडकडे तोंड करून उभे राहिले, अगदी त्या चौथऱ्यावरच्या माणसासारखे. छाती भरली, हात उचलले, आणि बँड सगळा एकदम आला. सॅक्सोफोनवाले भाऊ चुकून एकमेकांकडे बघून हसले आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले. आठ दिवसांत गाणी वळायला लागली. क्लॅरिनेटवाले भाऊसुद्धा म्हणाले, "जमून राह्यलं मास्तर." मी खुर्च्या लावायचे, ते बसायचे, बाबा समोर उभे. सगळं बरोबर होतं. एक साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नाही, माझ्यासुद्धा. वरातीत खुर्च्या नसतात.

तुळशीचं लग्न झालं आणि आमची तारीख आली. दुपारी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघणार होता. पुढे नाचणारे, मग बँड, मग घोडा, आणि घोड्यामागे बायका. बाबांनी नवा लाल कोट घातला होता. मी त्याला खिसे जरा मोठे शिवले होते, हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडू नये म्हणून. मी स्कूटी एका भिंतीला लावली आणि कडेकडेने चालायला लागले. पाणी, बॅटऱ्या, माणसं, सगळं बरोबर होतं.

बाबा बँडकडे तोंड करून उभे राहिले. श्वास, हात, पहिलं गाणं. उत्तम. मग वरात चालायला लागली, आणि बँडकडे तोंड करून उभा असलेला माणूस उलटा चालायला लागला.

पहिल्यांदा त्यांची टाच नालीत गेली. मी ओरडले, ढोलापुढे ते कोणाला ऐकू जाणार. मग एक दुचाकी त्यांच्या पाठीला टेकली. आणि मग ते मागे मागे सरकत थेट नाचणाऱ्यांच्या घोळक्यात शिरले.

बँडसमोर हात हलवणारा माणूस वरातीत काय समजला जाणार? नवरदेवाच्या मामांनी त्यांना मिठीच मारली. "या काका, या! लाजू नका!" कोणीतरी त्यांच्या कमरेला धरलं. बाबा हात वर करून सांगत होते की मी बँडचा आहे. नाचणाऱ्यांना वाटलं, काका रंगात आले. लाल कोट कोणाच्या लक्षात येईना, कारण मामांचाही कोट लालच होता. मामांनी खिशातून नोट काढली, बाबांच्या डोक्याभोवती तीनदा ओवाळली आणि झांजवाल्याच्या खिशात कोंबली. आमच्याच मास्तरवरून ओवाळलेली नोट आमच्याच खिशात. चाचांना हसू आवरेना. ढोल हसायला लागला की ठेका जातो, तसा तो गेला.

गाणं आता ओसरायला आलं होतं, बायका पुढे सरकत होत्या, बदलायची हीच जागा. बाबांना ती कळली होती, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. त्यांनी दोन्ही हात वर केले. पण तिथे प्रत्येकाचेच दोन्ही हात वर होते. थोरला सॅक्सोफोनवाला नवरदेवाच्या चुलतभावाच्या हाताला मास्तरचा हात समजून नागिणीवर वळला. धाकटा अर्थातच थोरल्याच्या मागे जाणार नव्हता. क्लॅरिनेटवाले भाऊ डोळे मिटून पहिल्याच गाण्यात होते. घोडा थांबला. घोड्यालासुद्धा काहीतरी बिघडलंय हे कळलं.

लोक हसत होते, रागावलं कोणी नव्हतं. पण बाबा घोळक्यातून बाहेर आले ते थेट माझ्याकडे. "कॅन कुठं आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गाडीत. ते गाडीकडे चालायला लागले. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता कॅन उचलेल, घरी जाऊन खाटेवर बसेल, आणि पुन्हा शेडकडे येणार नाही.

चाचा ढोलासकट आडवे आले. रस्त्याच्या मधोमध.

"ओ मास्तर, उलटे काऊन चालून राह्यले?"

"मंग मी दिसू कसा तुमाले?"

"तीस वर्सं मले पाठ दाखवली तुमी. आज तोंड कायले दाखवता? तोंड पाहासारखं आहे का?" चाचांनी ढोल वर ओढला. "हे गळ्यात असल्यावर ट्रम्पेट कोनाले ऐकू येते? मी तं पाठच पाहत आलो. तुमचे खांदे वर झाले का मी टाकतो. चाला पुढं. सरळ चाला."

बाबा वळले. बँडच्या पुढे गेले आणि नेहमी जिथे चालायचे तिथे, बँडकडे पाठ करून, चालायला लागले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. मी शिवलेल्या मोठ्या खिशांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी हात मागे बांधले, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे.

आणि तिथे, पाठीवर बांधलेल्या हातांत, त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं हलायला लागली. ट्रम्पेटला तीन कळा असतात. बोटं नेमकी त्या कळांसारखी डाव्या तळहातावर दाबली जात होती. मला वाटतं, हे ते मुद्दाम करत नव्हते. नव्या गाण्याचा विचार आला की बोटं आपली चालणारच.

क्लॅरिनेटवाल्या भाऊंनी घोळ निस्तरायला नाइलाजाने डोळे उघडे ठेवले होते. ते बाबांच्या मागे एका हाताच्या अंतरावर, वर्षानुवर्षांच्या जागी होते. पोरवयात ते आधी ट्रम्पेटच शिकले होते, बाबांच्याच बोटांकडे बघून. पुढे क्लॅरिनेटकडे गेले. त्यांची नजर बाबांच्या तळहातावर गेली. पहिली कळ, मग पहिली-दुसरी दोन्ही, मग मोकळं, मग परत पहिली. बाबांचे खांदे वर झाले. चाचांनी थाप टाकली आणि त्याच क्षणी क्लॅरिनेटवर नव्या गाण्याची उचल आली, स्वच्छ, एक सूर इकडेतिकडे नाही. सॅक्सोफोन वळले, दोन्ही. मोठा बाजा वळला. नाचणाऱ्यांचे पाय वळले. मामा ओरडले, "वा रे पठ्ठे!"

मारुतीच्या देवळापर्यंत मग सहा-सात गाणी झाली. मामांचं ऐकलं, मेव्हण्याचं ऐकल्यासारखं केलं, नागीण शेवटच्या वळणावर दिली. बाबांनी एकदाही मागे पाहिलं नाही. भाऊंनी एकदाही डोळे मिटले नाहीत, आणि त्यामुळे असेल, पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. धुळीमुळे, असं ते म्हणाले.

परतीच्या गाडीत मी मागेच बसले, स्कूटी साइड ड्रमवाल्याला दिली. कोणाला कोणाशी काय बोलायचं ते कळत नव्हतं, म्हणून सगळे जेवणातल्या वांग्याच्या भाजीबद्दल बोलत होते.

"उचल आज मीच देली," क्लॅरिनेटवाले भाऊ अचानक म्हणाले.

"हाव," बाबा म्हणाले. "तूच देली."

"पन बोटं तुमची होती."

"हाव."

"तिसऱ्या गान्याले तुमी दुसरी कळ दाबाले इसरले, मास्तर. मी सांभाळून घेतलं."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. चाचा पुढे सरकून ऐकायला लागले. "इसरलो नाई," बाबा म्हणाले. "बोट अकडते थंडीनं. कोटाले बाह्या लांब पाहिजे होत्या." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चूक शेवटी शिंप्याची निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हिशेबाला आले. बाबा मास्तर राहणार का, हा विषय मी मांडणार होते, पण मांडायची वेळ आली नाही. बाबांनी स्वतः चहा वाटला. चाचांना पहिला कप दिला, वाफ येणारा. चाचांनी एक घोट घेतला आणि जीभ भाजली म्हणून बाबांना शिव्या घातल्या. शेवटचा कप बाबांनी स्वतः घेतला. क्लॅरिनेटवाल्या भाऊंनी खिशातून पुढच्या वरातीची गाणी लिहिलेला कागद काढला आणि बाबांपुढे धरला, "मास्तर, हे पाहून घ्या." मी पुढच्या विषयाकडे वळले.

पुढचा विषय सोपा नव्हता. वरबापाने पैसे देताना विचारलं होतं, "सारं झकास झालं, पन ट्रम्पेट काऊन नव्हतं?" त्याचं बरोबर होतं. मास्तर आहे, उचल आहे, पण क्लॅरिनेट कितीही गोड असलं तरी चौकात ते ट्रम्पेटसारखं फुटत नाही. ट्रम्पेटवाला पाहिजे. नांदुऱ्याला एक जण आहे, चाळिशीचा, फुंक दमदार, पाणपोईजवळच्या एका बँडमधून नुकताच सुटलेला. नंबर माझ्याकडे आहे.

"कवा बोलावू त्याले?" मी विचारलं.

"स्वभाव कसा आहे त्याचा?" बाबांनी विचारलं.

"मले काय माहीत? येईन तवा कळीन."

"तो माह्या मागं उभा राहीन. माह्या जागचे सूर मले माह्या पाठीमागून ऐकू येतीन." त्यांनी कप खाली ठेवला. "पाहू. सांगतो तुले."

मी दोनदा विचारलं. एकदा म्हणाले, कापूस वेचून होऊ दे. एकदा म्हणाले, बोटांना तेल लावून बघतो आधी. परवा शेडमध्ये गेले तर ते एकटेच उभे होते, हात मागे बांधून, डोळे मिटून, मागून येणारा कसलासा आवाज ऐकत असल्यासारखे. मी आले तशी परत गेले.

बाह्या लांब करून झाल्या. नवं टायर चांगलं चाललंय. पुढच्या चार तारखा धरल्या आहेत, गाडी सांगितली आहे. नांदुऱ्याच्या ट्रम्पेटवाल्याला फोन करायचा राहिला आहे.